इंदूर ते मुधोळ : कारवानी कुत्र्यांच्या मुलखात नेणाऱ्या सहलीचे परीक्षण

इंदूरच्या मराठी कुटुंबांच्या सहली बहुधा ठरलेल्या असतात. ओंकारेश्वर-महेश्वर, पावसाळ्यात मांडू, दिवाळीनंतर अष्टविनायक, मुलांच्या सुटीत कोकण. या यादीत न बसणारी एक सहल राजेंद्रनगर भागातील एक लहान प्रवासी सेवा हिवाळ्यात काढते. ती प्रवाशांना सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात आणि तेथून पुढे कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात, मुधोळच्या परिसरात नेते आणि कारवानी जातीची शिकारी कुत्री त्यांच्या मूळ मुलखात, त्यांना पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्यांच्या दारात दाखवते. सेवेची पाटी नाही, जाहिरातही नाही. एका घरातून दुसऱ्या घरात कळत जाते, म्हणून तिचे नाव येथे घेत नाही. पौषातल्या गटाबरोबर मी जाऊन आले. मुक्काम, जेवण आणि गाडी या नेहमीच्या मापांनी मोजल्यास ही सहल मध्यम ठरेल. परंतु या सहलीला ती मापे लावणेच चुकीचे आहे. कुत्रे कोणत्या वेळी दाखवले, कोणाच्या अंगणात दाखवले आणि दाखवण्याच्या आड विकण्याचा हेतू होता का, एवढ्यावरच तिचे मोल ठरवावे, असे माझे मत आहे, आणि पुढील परीक्षण त्याच मापांनी केले आहे.

प्रवास सुमारे नऊशे किलोमीटरचा आहे आणि तो जवळजवळ सगळा एकाच रस्त्याने होतो. राष्ट्रीय महामार्ग ५२ इंदूरहून निघून खलघाटला नर्मदा ओलांडतो, सेंधव्याचा बिजासन घाट उतरून धुळ्याला येतो, आणि कन्नड, छत्रपती संभाजीनगर, बीड, तुळजापूर, सोलापूर करीत विजयपूरला पोहोचतो. तेथे तो सोडून जमखंडीमार्गे मुधोळ गाठता येते. आमच्या गटाला आधी जत पाहायचे असल्याने गाडी सोलापूरहून आत वळली. वाटेतल्या थांब्यांबद्दल तक्रार करण्यासारखे काही नव्हते. चालक जाणता होता, रात्री उशिरापर्यंत गाडी हाकण्याचा आग्रह त्याने धरला नाही, आणि कन्नडच्या घाटात त्याने दाखवलेला संयम ज्येष्ठ मंडळींनी परतल्यावरही वाखाणला.

इतक्या लांब जाऊन कुत्री पाहायची ती कशासाठी, हा प्रश्न निघण्याआधी घरच्यांनी विचारलाच. इंदूरमध्ये वैशाखात पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि त्याच शहरात बर्फाळ प्रदेशातील हस्की जातीची कुत्री वातानुकूलित खोलीत बाळगली जातात. याच दख्खनच्या उन्हात घडलेली जात मात्र बहुतेकांनी छायाचित्रातच पाहिलेली असते. गेल्या काही वर्षांत तिचे नाव कानांवर पडू लागले आहे. टपाल खात्याने २००५ साली चार देशी जातींची तिकिटे काढली, त्यांत मुधोळ हाउंड, म्हणजे हीच कारवानी, होते. रामपूर हाउंड, राजापालयम आणि हिमालयीन मेंढपाळी कुत्रा ही उरलेली तीन. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने राजापालयम, चिप्पीपराई आणि मुधोळ हाउंड या जातींची अधिकृत नोंद केली. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये देशी कुत्री पाळण्याचे आवाहन केले, आणि आपल्याच राज्यात, ग्वाल्हेरजवळच्या टेकनपूर येथे, सीमा सुरक्षा दलाच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात मुधोळ व रामपूर हाउंड आता शिकवून तयार केले जातात. हे सगळे घरी बसून वाचता येते. मात्र हा कुत्रा अनोळखी माणसाकडे कसा पाहतो, दिवसाचे किती तास निजतो, कुणाचे ऐकतो आणि कुणाचे मुळीच ऐकत नाही, हे त्याच्या अंगणात बसल्याशिवाय कळत नाही. सेवेच्या चालकांनी निघण्यापूर्वीच्या बैठकीत हेच सांगितले होते आणि ते पुष्कळ अंशी खरे ठरले.

जतचा भाग हा या सहलीचा सर्वांत उत्तम भाग होय. हा तालुका कायमचा अवर्षणग्रस्त. माळरान, बोरी-बाभळी, मधूनच डाळिंबाच्या बागा, आणि सर्वत्र मेंढ्या. त्यांत माडग्याळ गावच्या नावाने ओळखली जाणारी मेंढी दुरूनही उठून दिसते, कारण तिचे नाक पोपटाच्या चोचीसारखे बाकदार असते आणि पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके असतात. आमचे मार्गदर्शक याच भागातले. पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ सगळ्यांचेच तात्या होते. पहाटे, धुके पुरते विरले नसताना, त्यांनी आम्हांला एका धनगर कुटुंबाच्या वाड्याकडे, म्हणजे मेंढ्यांच्या तळाकडे, पायी नेले. गाडी मुद्दाम लांब ठेवली होती. वाड्यापासून हाकेच्या अंतरावर त्यांनी सर्वांना खाली बसवले आणि कुणीही कुत्र्याकडे टक लावून पाहू नये, हात पुढे करू नये, बोलणे हलक्या आवाजात ठेवावे, असे बजावले. त्यानंतर बराच वेळ काहीही घडले नाही. सहप्रवाशांपैकी काहींना हे कंटाळवाणे वाटले. मला मात्र हा कार्यक्रमातील सर्वांत विचारपूर्वक ठरवलेला भाग वाटला. हळूहळू मेंढ्यांच्या जाळीपलीकडून एक गव्हाळ रंगाची मादी उठून आमच्याकडे आली, वर्तुळाच्या बाहेरून एक फेरी मारली, वास घेतला आणि कुणाच्याही अंगाला न लागता परत जाऊन आपल्या जागी बसली. हा कुत्रा परक्याने अंगाला हात लावलेला सहसा खपवून घेत नाही, हे पुस्तकी वाक्य तेथे सर्वांना एकदम पटले.

तात्यांनी त्यानंतर जे सांगितले ते मी अन्यत्र ऐकलेले नव्हते. शहरी माणूस समजतो की धनगराजवळची सगळी कुत्री एकच काम करतात. प्रत्यक्षात वाड्यावर रात्री लांडग्यांपासून मेंढ्या राखणारी कुत्री वेगळी असतात. ती जाड मानेची, भरदार आवाजाची, कोणत्याही नोंदीत नसलेली गावठी कुत्री होत. कारवानी हा डोळ्यांनी सावज टिपणारा आणि वेगाने गाठणारा कुत्रा; लांब अरुंद डोके, खोल छाती, आत ओढलेले पोट, लांब पाय ही सारी ठेवण त्या एका कामासाठी आहे. त्याच्याकडून राखणीची अपेक्षा करणे म्हणजे दोघांवरही अन्याय. त्या वाड्यावर दोन्ही प्रकारची कुत्री होती आणि त्यांच्या बसण्याच्या जागाही वेगळ्या होत्या : राखणीची कुत्री जाळीला लागून, तर कारवानी मादी माणसांच्या अंथरुणाजवळ, वाकळेच्या टोकावर. तिच्या अंगावर चरबी नसल्यासारखीच असते आणि केस आखूड असतात, त्यामुळे पहाटेच्या गारठ्यात तिला अंथरूण लागतेच, असे घरधनिणीने हसत सांगितले.

इंदूरच्या माणसाला या वाड्यावर परके वाटू नये, असे आणखी एक कारण आहे. होळकरांचे घराणे मूळचे धनगर, जेजुरीजवळच्या होळ गावचे, आणि त्यांचे कुलदैवत खंडोबा. घोडा आणि कुत्रा ही खंडोबाच्या सोबतची जनावरे. त्याचे वाघ्ये देवापुढे स्वतःला त्याचे कुत्रे म्हणवून घेतात. वाड्यावरच्या म्हाताऱ्या आबांना आम्ही इंदूरहून आलो आहोत एवढे कळताच त्यांनी अहिल्याबाईंचे नाव घेऊन हात जोडले आणि पुढच्या गप्पांना वेगळाच रंग चढला. सेवेच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत याचा उल्लेखही नव्हता. इंदूरच्या गटासाठी हा धागा इतका जवळचा असताना तो नशिबावर सोडून देणे मला पटले नाही.

मुधोळ हे नाव मराठी वाचकाला कुत्र्यामुळे नव्हे तर बाजी घोरपड्यांमुळे माहीत असते. शहाजीराजांच्या अटकेत ज्यांचा हात होता आणि पुढे शिवाजी महाराजांनी ज्यांना मुधोळवर चालून जाऊन ठार केले, त्या बाजींच्याच घराण्याने पुढे तेथे संस्थान चालवले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील त्या घराण्याचे राजे मालोजीराव यांनी परिसरातील शिकारी बेडर लोकांजवळची कुत्री पाहिली, त्यांतली निवडक घेऊन पैदास वाढवली आणि एक जोडी इंग्लंडचे बादशहा पाचवे जॉर्ज यांना भेट दिली, असे सांगितले जाते. जातीला शहराचे नाव चिकटले ते या काळापासून. एका श्वानसंघटनेच्या नोंदीत ती कॅरव्हान हाउंड असते, दुसरीच्या नोंदीत मुधोळ हाउंड. महाराष्ट्रात लोक कारवानीच म्हणतात, आणि ज्यांच्या कानांना व शेपटीला लांब रेशमी केस असतात त्यांना पश्मी म्हणतात. हे सारे तात्यांनी गाडीत, घटप्रभेचा ऊसपट्टा दिसू लागला तेव्हा सांगितले. नकाशा हातात घेऊन, न घाईने. अशा सहलीत इतिहास सांगणारे बरेच भेटतात, पण कोणते ठाऊक आहे आणि कोणते ऐकीव आहे हे वेगळे करून सांगणारे फार थोडे.

मुधोळजवळच तिम्मापूर येथे कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन व माहिती केंद्र आहे. जातीचे जतन, अभ्यास आणि पिल्लांचे वितरण हे तिथले काम, आणि लष्कराने २०१६ मध्ये मेरठच्या रिमाउंट व पशुवैद्यकीय दलाच्या केंद्रात मुधोळची पिल्ले प्रशिक्षणासाठी नेल्यापासून त्या परिसराकडे देशाचे लक्ष गेले. सेवेने हे केंद्र कार्यक्रमात धरलेच नव्हते. विचारल्यावर, परवानगीचा पत्रव्यवहार वेळखाऊ होतो, असे उत्तर मिळाले. सहल महिनोन्‌महिने आधी ठरते, तेव्हा पत्र पाठवायला पुरेसा अवधी असतो. या मुलखात शास्त्रीय दृष्टीने जात पाहण्याची जी एक जागा आहे, तीच टाळून पुढे जाणे ही मला या सहलीतील मोठी उणीव वाटते.

मुधोळ परिसरातील गावांत कुत्री शेतकऱ्यांच्या घरी असतात आणि येथे कार्यक्रमाची आखणी पुरती फसली. जमखंडीला उशिरा न्याहारी, मग पटवर्धनांच्या जुन्या वाड्याच्या बाजूने एक अनावश्यक फेरी, आणि कुत्री पळताना पाहण्याची वेळ नेमकी टळटळीत दुपारची. कारवानी थोड्या अंतरात अतोनात वेगाने धावते. धावेच्या एका आवर्तनात तिचे चारही पाय दोनदा जमिनीपासून सुटतात, एकदा शरीर मुडपलेले असताना आणि एकदा पूर्ण ताणलेले असताना. या धावेत निर्माण होणारी उष्णता बाहेर टाकायला तिच्याजवळ धापेखेरीज मोठा उपाय नसतो. म्हणून जाणता मालक तिला सकाळी किंवा ऊन कलल्यावरच मोकळी सोडतो. ज्या शेतकऱ्याकडे आम्ही गेलो तो सीमाभागातला, मराठी बोलणारा होता. गटातील एकाने फार आग्रह धरला तेव्हा त्याने शांतपणे सांगितले, ‘‘पळवतो की, पण ऊन उतरल्यावर. आत्ता पळवलं तर धाप लागून बसंल त्ये.’’ त्याचे उत्तर योग्यच होते. चूक वेळापत्रक करणाऱ्यांची, कारण ऊन उतरेपर्यंत थांबलो असतो तर विजयपूरचा मुक्काम चुकला असता. अखेर काही जणांनी हट्टाने थांबायचे ठरवले आणि कार्यक्रमातून गोलघुमट गळाला. त्याबद्दल मला खंत नाही. ऊस तोडलेल्या मोकळ्या रानात, शेतकऱ्याच्या मुलाने मोटारसायकल पुढे काढली आणि दोन कुत्री तिच्या मागे सुटली, तेव्हा शेजारी बसलेल्या निवृत्त प्राध्यापकांच्या हातातला चहा तसाच थंड झाला.

तेथेच तात्यांनी संकराची खूण शिकवली, आणि ही माहिती पिल्लू घेऊ इच्छिणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल. शर्यतीसाठी वेग वाढावा म्हणून अनेक ठिकाणी मुधोळशी इंग्रजी ग्रेहाउंडचा संकर केला गेला आहे, आणि असली पिल्ले सर्रास शुद्ध म्हणून दिली जातात. कान पाहावेत : कारवानीचे कान त्रिकोणी, डोक्याला चिकटून खाली लोंबणारे असतात, तर ग्रेहाउंडचे मागे मुडपलेले. पाठ पाहावी : कारवानीची पाठ लांब आणि रुंद, तर ग्रेहाउंडची कमरेपाशी कमान झालेली, मांड्या फुगीर. संकराच्या पिल्लात यांतली एखादीच खूण उतरते, म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नये आणि आईबाप दोन्ही डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तर मुळीच देऊ नये. जातीची संख्या मुळात मर्यादित असल्याने जवळच्या नात्यातील जोड्या लावण्याचे दुष्परिणामही होतात; म्हणून ‘एकाच नामांकित रक्ताची’ अशी बढाई ऐकू आली तर ती गुणाची नव्हे, काळजीची बाब समजावी, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटले.

भाषेची व्यवस्था हा दुसरा दोष. मुधोळ शहरात जुन्या पिढीतील मराठी जाणणारे भेटतात, पण गावांत व्यवहार कन्नडचा. आमच्यासोबत जो दुभाषी होता तो तरुण, चटपटीत आणि हिंदीत चांगला बोलणारा. मात्र तो फक्त घरच्या पुरुषांशी बोलत असे, आणि पुरुष सांगत ते किंमत, बक्षिसे आणि कोणत्या अधिकाऱ्याने पिल्लू नेले यांविषयी. कुत्री सांभाळतात त्या बायका. वीण झाल्यावर मादीला काय खायला घालायचे, अशक्त पिल्लाला कसे पाजायचे, मक्याच्या किंवा ज्वारीच्या पिठाची पेज दुधात किती पातळ करायची, कोणते पिल्लू माणसाळणार आणि कोणते बुजरे राहणार, हे त्यांना विचारायला हवे होते. आमच्या गटातील दोघी-तिघी स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन बसलो, तेव्हा खुणांनी आणि मोडक्यातोडक्या हिंदीने जेवढे कळले तेवढे कळले. उरलेले सगळे भाषेअभावी तेथेच राहिले. जतला आबांच्या घरी मराठीमुळे जे सहज घडले, ते मुधोळात घडू शकले नाही. कन्नड बोलणारी एखादी स्त्री सोबत घेतल्याशिवाय ही सहल पुन्हा काढू नये, असे मी सेवेच्या चालकांना लेखी कळवले आहे.

शिकारीच्या बाबतीत मात्र सेवेची भूमिका निःसंदिग्ध होती आणि तिचे श्रेय दिले पाहिजे. एका वस्तीवर दोन तरुणांनी ससा उठवून दाखवण्याची तयारी दर्शवली, आणि गटातील काहींच्या डोळ्यांत लगेच उत्सुकता दिसली. तात्यांनी ती तेथेच मोडून काढली. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे सशाची शिकार हा गुन्हा आहे, पाहणाऱ्यांच्या करमणुकीसाठी केलेली तर अधिकच लाजिरवाणी, असे त्यांनी त्या मुलांना कन्नड-मराठीच्या मिश्रणात, आवाज न चढवता सांगितले आणि गाडी पुढे काढली. कार्यक्रमपत्रिकेतही हा नियम ठळक छापलेला आहे. शिकारी कुत्रा शिकारीशिवाय दाखवणे अवघड असते, हे मान्य. म्हणून तर सकाळ-संध्याकाळची मोकळी धाव आणि ती पाहण्याची योग्य वेळ यांना एवढे महत्त्व.

आता विक्रीविषयी. सेवेची पहिली अट अशी की या सहलीत पिल्लू विकत घेता येणार नाही आणि सेवा कुणाच्याही वतीने विक्री करीत नाही. ही अट वाचूनच मी नाव नोंदवले होते. सहलीच्या शेवटच्या टप्प्यात मात्र गाडी ‘चहासाठी’ एका पैदासकेंद्रावर थांबली. पत्र्याची लांब शेड, सिमेंटची ओली जमीन, ओळीने पिंजरे, आणि मालकाच्या हातात दरपत्रक. काही पिल्लांचे डोळे उघडून फार दिवस झाले नसावेत, इतकी ती लहान होती. कुत्र्यांची पैदास व विक्री यांविषयीचे केंद्र सरकारचे २०१७ चे नियम स्पष्ट आहेत : पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी, आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकू नये, एका मादीची वर्षातून एकाहून अधिक वीण घेऊ नये. नोंदणीपत्र दाखवा म्हटल्यावर मालकाने विषय बदलला. तात्या शेडमध्ये आलेच नाहीत. ते रस्त्याकडेला उभे राहिले. सेवेच्या चालकांना मी नंतर विचारले असता, कोणतीही दलाली घेतली जात नाही, प्रवाशांच्या आग्रहावरून थांबतो, असे त्यांनी सांगितले. दलाली नसेलही. परंतु थांबा ठेवला की गाडीतली निम्मी माणसे ते पिल्लू मांडीवर घेतात आणि आधी शिकवलेले सारे तेथेच विसरतात. आमच्या गटातील एका कुटुंबाने आगाऊ रक्कम देऊनही टाकली. सहलीच्या मूळ अटीला छेद देणारा हा थांबा काढून टाकला पाहिजे. या एका मुद्द्यावर मी गुण कापते.

मुक्काम स्वच्छ, गरम पाण्याची सोय वेळेवर, खोल्या साध्या. जेवण मात्र आठवणीत राहण्यासारखे : जोळद रोट्टी, म्हणजे आपली भाकरीच पण पापुद्र्याएवढी पातळ, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, घट्ट दही. इंदूरकरांनी तेथेही पिशवीतून शेव काढलीच.

परतीच्या वाटेवर गाडीत जी चर्चा झाली तिच्यावरून सहलीचा उपयोग काय झाला हे कळले. निघताना गटातील बहुतेकांना पिल्लू हवे होते. येताना त्यांतल्या अनेकांनी आपले मत बदलले होते, आणि याचे श्रेय जतच्या त्या शांत पहाटेला आहे. बायपासलगतच्या उंच इमारतीतील सदनिकेत, सकाळ-संध्याकाळ पट्ट्याने फिरवून हा कुत्रा ठेवणे योग्य नव्हे. त्याला रोज मोकळे धावायला कुंपण घातलेली जागा हवी, आणि कुंपण काटेरी तारेचे नको, कारण त्याची कातडी पातळ असून सहज फाटते. पळणारी मांजर किंवा कोंबडी दिसली की मालकाची हाक त्याच्या कानांवर पडत नाही. राऊ, देपालपूर किंवा सांवेरकडे ज्यांची शेती आहे त्यांनी विचार करावा, तोही घरातील एक माणूस दिवसभर त्याच्याजवळ असेल तर. पशुवैद्यही आधीच पाहून ठेवावा. या बांध्याच्या कुत्र्यांच्या अंगात चरबी कमी असते आणि ग्रेहाउंड गटात काही भूल देणाऱ्या औषधांचे, विशेषतः थायोपेंटोनचे, शरीरातील विघटन सावकाश होते, त्यामुळे भूल उतरायला फार वेळ लागतो. नसबंदीसारख्या साध्या शस्त्रक्रियेपूर्वीही डॉक्टरांना हे सांगावे लागते. आपल्याकडे महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय असल्याने विचारायला जागा आहे, ही इंदूरकरांची मोठी सोय. ही सारी माहिती तात्यांनी एका साध्या टिपणाच्या रूपात छापून प्रत्येकाला दिली. ते टिपण निघण्यापूर्वी दिले असते तर अधिक बरे झाले असते.

खर्च माणशी साधारणपणे तेवढ्याच दिवसांच्या गोव्याच्या सहलीइतका येतो. त्यात धनगर कुटुंबाला आणि शेतकऱ्यांना दिलेले मानधन धरलेले आहे, आणि ते त्यांच्या हातात आमच्यासमोर दिले गेले, ही गोष्ट मला आवडली. गाडीत माणसे मात्र फार होती. वाड्यावर एवढा घोळका उतरला की कुत्री बांधून ठेवण्यावाचून घरच्यांना गत्यंतर राहत नाही. जतला तात्यांच्या शिस्तीने निभावले, मुधोळच्या बाजूला दोन ठिकाणी आम्हांला साखळीला बांधलेलीच कुत्री पाहावी लागली. निम्म्या आकाराचा गट आणि त्या प्रमाणात वाढलेले शुल्क मी आनंदाने स्वीकारीन.

श्वानप्रेमी असा, नसा, दख्खनचा माळ आणि मेंढपाळांचे जगणे जवळून पाहण्याची इच्छा असेल तर जतपुरती ही सहल मी निःशंकपणे सुचवते. मुधोळचा भाग सध्याच्या स्वरूपात अपुरा आहे. चालकांनी माघातल्या गटासाठी वेळापत्रक बदलण्याचे आणि तिम्मापूरच्या केंद्राशी आधी पत्रव्यवहार करण्याचे मान्य केले आहे. पैदासकेंद्राच्या थांब्याविषयी त्यांनी अद्याप काही कळवलेले नाही. नाव नोंदवण्यापूर्वी गाडीत किती जण असतील, कन्नड बोलणारे कोण सोबत येणार आहे आणि तो चहाचा थांबा कार्यक्रमात आहे का, हे विचारून घ्यावे. उत्तर मोघम आले तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबलेले बरे.